साल आणि गाभा

हे घडलं २००९मध्ये. जुन्या दगडांच्या प्रयोगशाळेतले सर जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांची पत्नी त्याच प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ. तिला सगळे वहिनीच म्हणत.

सरांचं नाव झालं ते एका दगडामुळे. अब्जावधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी बसलेला गाळ, दाबून दाबून दगड झालेला. जीव कुजून गेले तरी त्यांच्या चरबीतले काही रेणू अशा दगडात टिकून राहतात. सरांना त्यात शेवाळाचे रेणू सापडले. इतक्या जुन्या समुद्रात शेवाळ असेल, असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आता मात्र कुजबुज सुरू झाली होती, की ते रेणू वरून लागलेले आहेत. खरंखोटं करायचं तर दगडाची साल आणि गाभा वेगवेगळे तपासायचे. गाभ्यातही रेणू निघाले, तर सर खरे. पण दगडाचा वीतभर तुकडाच उरला होता.

दीर धावत आला. जमिनीत खोल भोक पाडून तो दगड त्यानेच काढला होता.

"वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची!"

"मूठ तुमच्या दादांची आहे, भावजी. आणि लोक एकेक बोट उलगडायला लागलेच आहेत."

"दादाने कापू दिला असता?"

"छे! कडाकडा भांडले असते. आता भांडायला तरी कोण आहे घरात?"

वहिनींनी दगड कापला. सालीच्या आलेखात शेवाळाची उंच टोकं उमटली. गाभ्याची रेघ सपाट. पुन्हा तपासलं, पुन्हा सपाट.

दीर मटकन बसला. "माझ्याच यंत्राचं वंगण."

वहिनींनी होकारार्थी मान हलवली. वंगण खनिज तेलाचं, आणि ते तेल कितीतरी नंतरच्या समुद्रातल्या शेवाळाचं.

"दादाला मीच बुडवलं."

"तेल न घालता यंत्र चालतं का कुठं? उठा, जेवायला चला. दोघांचा स्वयंपाक करायची सवय अजून सुटली नाही माझी."

वहिनींनी निष्कर्ष स्वतःच्या नावाने छापला. पुस्तकांतून सरांचं नाव हळूहळू गळालं. दिराने ते काम सोडलं. तो रविवारी वहिनींकडे यायचा, तोही पुढे वारला. वहिनी निवृत्त होऊन दोन खोल्यांत एकट्या राहतात. प्रयोगशाळेतले लोक मात्र नवा दगड आला की अजून आधी त्याची साल काढतात. ही रीत कुणी घातली, ते तिथे आता कुणालाच ठाऊक नाही.