छत्तीस नंबरचा टीव्ही

मस्कतहून रजेवर येताना चंद्रप्रकाशने बहिणीला साडी, मेव्हण्याला घड्याळ आणि भाचीला कॉम्प्युटर आणला. साडी ट्रंकेत गेली, घड्याळ मनगटावर गेलं आणि कॉम्प्युटर गेला क्रोशाच्या रुमालाखाली. पाटीएवढा काळा तुकडा, त्यावर रबरी बटणं. आठवडा झाला तरी तो काय काय करतो हे विक्रोळीच्या त्या चाळीत कोणालाच कळलं नव्हतं, कारण त्याला स्वतःचं तोंड नव्हतं. तो टीव्हीला जोडायचा होता, आणि परबांच्या टीव्हीला जोडला की नुसत्या मुंग्या दिसत.

"साधी गोष्ट आहे," मामा म्हणाला. मस्कतला गेल्यापासून त्याला सगळ्याच गोष्टी साध्या वाटत. "तुमचा टीव्ही काळा-पांढरा, कॉम्प्युटर रंगीत. आता काळ्या-पांढऱ्यात तो बिचारा रंग घालणार कुठे?"

"रंगाचं नाहीये मामा," मृणालिनी म्हणाली. ती घरची मिनू, नववीत होती आणि कॉम्प्युटरसोबत आलेलं पुस्तक तिने तीनदा वाचलं होतं. "हा छत्तीस नंबरच्या चॅनेलवर दिसतो. आपल्या टीव्हीचं बटण बाराच्या पुढे जातच नाही. ज्याला छत्तीस नंबर आहे असा टीव्ही पाहिजे."

पण 'रंगीत' हा शब्द एकदा घरात आल्यावर छत्तिसाला कोण विचारतो? मामाने तिथल्या तिथे जाहीर केलं, "ताई, यंदा गणपतीला तुला माझ्याकडून रंगीत टीव्ही!" मिनूचे वडील काशीराम परब यांनी दोनदा "कशाला, कशाला" केलं. तिसऱ्यांदा करायची वेळ आली तेव्हा ते भिंतीतल्या कपाटाचं माप घेत होते.

मिनू मात्र बोटांवर वर्षं मोजू लागली. गणपती झाले की मामा मस्कतला जाणार, पुन्हा येणार दोन वर्षांनी. घरात एकदा टीव्ही आला की दुसरा येणार नाही. म्हणजे या रविवारी चुकीचा टीव्ही आला, तर कॉम्प्युटर तिचं कॉलेज सुरू होईपर्यंत रुमालाखाली.

खरेदीला घाटकोपरला जायचं ठरलं आणि लगेच शेजारचे सहदेव तयार होऊन दारात उभे. सहदेव एका कारखान्यात वायरमन होते, म्हणजे टीव्हीतलं त्यांना कळतं असं ते म्हणत. त्यांचा एक वेगळाच हिशेब होता, तो आधी सांगून टाकलेला बरा. भिंतीतल्या कपाटाच्या मधल्या कप्प्यात वर्षभर टीव्ही असे आणि भाद्रपदात तिथे गणपती बसे. टीव्ही जड, शटरवाला, खोली दीड. मग तो पाच दिवसांसाठी सहदेवांकडे ठेवायला जाई. पाच दिवसांसाठी गेलेला टीव्ही दसऱ्याला परत येई. "अँटेना आमच्याकडे काय झकास पकडते वहिनी!" असं वर.

तेव्हा सहदेवांचा सल्ला स्पष्ट होता. "घ्यायचा तर वीस इंची. शटरवाला. लहान घेऊन हसं करून घेऊ नका."

काशीरामांचंही मन वीस इंचावरच होतं. गिरणी बंद पडल्यापासून चाळीने त्यांच्याकडे जरा उतरत्या नजरेनेच पाहिलं होतं. टेम्पोतून मोठं खोकं उतरतंय आणि गॅलरीत रांगेने माणसं उभी आहेत, हे चित्र त्यांनी रात्रीच पाहून ठेवलं होतं.

"कॉम्प्युटर सोबत घेऊ या ना," मिनू म्हणाली. "दुकानातच लावून बघू."

मामाचा चेहरा पडला. "वेडी की काय! ते कस्टमवाले साध्या कपड्यात फिरतात. ड्युटी भरल्याची पावती मागितली तर काय दाखवू, पासपोर्टवरचा फोटो?"

"गप रव गो," काशीराम म्हणाले. "मामा देता तां घे."

मिनूची आई जानकीबाई पिशव्या शोधत होत्या. मखराचा झिरमिळ्या कागद घ्यायचा होता, म्हणून त्यांनी मोठी कापडी पिशवी घेतली. काशीरामांनी सकाळी पांढऱ्या नाडीला गाठ मारून कप्प्याचं माप त्यांच्याकडे दिलं होतं. "माप घेतलंस ना?" त्यांनी जिन्यात विचारलं. जानकीबाईंनी कमरेला खोचलेलं नाडीचं टोक दाखवलं.

गणपतीच्या तोंडावर रविवारीही दुकान उघडं होतं. एका भिंतीला वीस टीव्ही एकदमच चालू, वीसही टीव्हींवर शेतीवरचा एकच कार्यक्रम, आणि प्रत्येकात त्याच वांग्याचा रंग निराळा.

सहदेव थेट वीस इंचापाशी गेले. लाकडी शटर, सोनेरी कडी, खाली चाकांचे पाय. काशीरामांनी शटर तीनदा ओढलं, तीनदा लावलं. मग कान जवळ नेऊन त्यांनी टीव्ही वाजवला. गावाकडे फणस पिकला की नाही तो असाच वाजवतात, दुसरी कुठली परीक्षा त्यांना माहीत नव्हती.

"भरीव आहे," ते खुशीत म्हणाले.

"कुलूप पण आहे!" सहदेव म्हणाले. "घ्या, काशीराम. डोळे मिटून घ्या."

"आवडला ना? झालं तर मग! शेठ, बिल करा," मामा म्हणाला आणि पाकीट काढलं.

मिनूने आईकडे पाहिलं. आईने पिशवी खाली ठेवली. ठेवताना खण् असा आवाज आला. झिरमिळ्या कागद अजून घ्यायचा होता, आणि घेतला असता तरी कागद खणकत नाही.

"काय गो त्यात?" काशीराम म्हणाले.

मिनूने पिशवीत हात घातला आणि कॉम्प्युटर काउंटरवर ठेवला. मागोमाग वायर, विजेला जोडायचा काळा ठोकळा आणि कॅसेट.

"अरे देवा!" मामाने झपकन त्यावर रुमाल टाकला आणि दाराकडे पाठ करून उभा राहिला. "मेलो! दारातला तो चष्मेवाला बघ. बघतोय ना?"

"मामा, तो पंखा घ्यायला आलाय."

शेठ मात्र काउंटरच्या बाहेर आले. "अरे, आ तो गेमवालो! बेन, लाव, लाव. मला पण बघायचा आहे."

वीस इंचाला वायर लावली. मुंग्या. सहदेवांनी मागे जाऊन दोनदा थापट मारली. मोठ्या मुंग्या. दुसरा टीव्ही, तिसरा, पाचवा, सगळ्यांची बटणं बाराला अडत होती. मिनूच्या कपाळावर घाम आला.

"पोरी, मशीनच बिघडलंय," सहदेव मायेने म्हणाले. "त्याचा नाद सोड. टीव्ही बाकी फस्क्लास आहे."

"बिघडलं नाही! काका, याला छत्तीस लागतो. छत्तीस! शेठ, कुठल्याच टीव्हीवर वरचे नंबर नाहीत?"

"वरचा नंबर कोण मागतो इथे? दूरदर्शन तर चार नंबरवर येते." शेठ थांबले. "उभी रहा. एक पीस आहे. बाहेरगावी जायला बनवला होता, ऑर्डर कॅन्सल झाली."

माळ्यावरून जे खाली आलं ते चौदा इंची होतं, लाल प्लॅस्टिकचं, वरती धरायला कडी. शटर नाही, पाय नाहीत. काशीरामांनी वाजवून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. पण बटणाच्या कडेला आकडे होते: एकवीस, तीस, चाळीस...

मिनूने बटण फिरवायला घेतलं. मुंग्या. मुंग्या. मग एक काळी सावली सरकून गेली.

"मागे घे, मागे घे!" शेठ ओरडले. "होता काहीतरी!"

तिने केसभर मागे घेतलं. मुंग्या बसल्या आणि पांढराशुभ्र पडदा उभा राहिला. खाली एक इंग्रजी ओळ.

"आला! आई, आला!"

शेठनी स्वतःचा टेपरेकॉर्डर आणला. कॅसेट सुरू झाली आणि दुकानभर असा कर्कश आवाज घुमला की पंखेवाला गिऱ्हाईक पंखा सोडून इकडे आला. पडद्याच्या कडेने निळे-पिवळे पट्टे धावू लागले.

"फुटणार की काय हा?" मामा दोन पावलं मागे सरला. कस्टम तो विसरला होता.

"थांब ना मामा, असंच असतं! पुस्तकात लिहिलंय!"

आवाज बंद झाला आणि पडद्यावर एक किल्ला उभा राहिला. तांबडे दरवाजे, हिरवे दरवाजे, आणि मध्ये बोटभर माणूस, टोपी घातलेला. मिनूने बटण दाबलं. माणूस उडाला.

"तिने उडवला!" शेठ म्हणाले. "आपल्या दुकानात उडवला!"

मग काय विचारता. "डावीकडे जा", "शिडी, शिडी", "किल्ली घे, मेल्या!" हे शेवटचं काशीरामांचं. माणूस पाण्यात पडला तेव्हा सर्वांत मोठा उसासा मामाचा होता. पंखेवाल्याने आपला नंबर लावून ठेवला. जानकीबाई एका कोपऱ्यातून पाहत होत्या, आणि तांबडी किल्ली हिरव्या दरवाजाला लागत नाही हे सगळ्यांत आधी त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांचं नुसतं बोट हललं.

खेळ संपला आणि काशीराम भानावर आले. लाल डबा पाहिला, वीस इंचाकडे पाहिलं.

"खेळ ठीक आसा. पण एवढासो टीव्ही? चाळीत काय सांगू? मेव्हण्याने मस्कतहून येऊन हा डबडा घेतला?"

"तेच म्हणतो मी," सहदेव लगेच म्हणाले. "पोरीच्या खेळापायी घराची शोभा घालवायची? वीस इंच घ्या. आहे काय, नाही काय."

मामा गोंधळला. पैसे त्याचे, पण घर भावोजींचं. मिनूच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. वाट लागली, आता वीस इंचच येणार.

"माप तरी घ्या," जानकीबाई म्हणाल्या.

त्यांनी कमरेची नाडी काढली आणि वीस इंचाला लावली. गाठ अर्ध्यावरच संपली. पुन्हा लावली. तेच. मग लाल डब्याला लावली. डबा गाठीच्या आत बसला, वर बोटभर जागा.

"मोठो मावणा नाय," त्या म्हणाल्या.

काशीरामांनी नाडीकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं. परबांच्या घरात मापाशी वाद घालायची पद्धत नव्हती. मामाने पैसे मोजले. सहदेव वीस इंचाचं शटर लावून सगळ्यांत शेवटी बाहेर आले. टेम्पो लागलाच नाही, टीव्ही रिक्षात मिनूच्या मांडीवर बसून आला.

घरी मधल्या कप्प्यात ठेवला तर दोन्ही बाजूंना हात घालता येईल एवढी जागा उरली. काशीरामांनी दोन्हीकडे हात घालून पाहिला. मग त्यांची नजर खुंटीवर गेली. पांढरी नाडी तिथे लोंबत होती, सकाळच्या गाठीसकट.

"जानकी, माझी नाडी तर हंय आसा. तू खंयची नेलंस?"

जानकीबाईंनी कमरेची नाडी काढून देव्हाऱ्यात ठेवली. ती कुंकवाने तांबूस झाली होती. मूर्ती दरवर्षी तेवढ्याच उंचीची, बोटभरही कमी-जास्त नाही, म्हणून मूर्तीवाल्याकडे न्यायची नाडी होती ती. सोळा वर्षं त्याच हातांनी नेलेली.

"घाईत हाताक लागली," त्या म्हणाल्या.

"घाईत? देव्हाऱ्यातली?"

त्यांनी निरांजनाची वात सरळ केली. काशीरामांचे हात आपोआप जोडले गेले. गणपतीच्या मापाला चुकीचं म्हणायचं, तेही गणपती चार दिवसांवर आलेला असताना? त्यांनी खुंटीवरची नाडी काढून खिशात टाकली आणि तो विषय तिथेच संपला.

दारात सहदेव होते. "वहिनी, यंदाही पाच दिवस आमच्याकडे ठेवायचा ना? मी जागा करून ठेवतो."

"नको, सहदेव भावोजी. कडी धरून मी एकटी उचलते. स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर मावतो तो."

गॅलरीत पोरं जमली होती. मिनूने वायर खोचली, बटण छत्तीसवर आणलं, कॅसेट लावली. कर्कश आवाज सुरू झाला तशी अख्खी चाळ दारात आली. काशीराम परब उंबऱ्यावर उभे राहून सगळ्यांना समजावू लागले, "असाच असता तां. पुस्तकात लिवलेला आसा."

किल्ला उभा राहिला. मिनू पुढे सरसावली, पण आई आधीच पडद्यासमोर येऊन बसली होती, पदर खोचून.

"उडी खंयच्या बटणान मारतंत, तां सांग फक्त," जानकीबाई म्हणाल्या. "किल्ल्यांचां माका म्हायत आसा."