खंडेनवमीला कोरं झालेलं कार्ड

मी एक जुना बटण सेल आहे. रुपयाएवढा, चपटा. हसू नका, मित्रांनो. मी जे डोळ्यांदेखत पाहिलं, त्याने आजही माझा थरकाप उडतो.

जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पंचाण्णव साली पुण्यात आलो तो निशाच्या वहीएवढ्या कॉम्प्युटरमध्ये. तो पेन्सिल सेलवर चालायचा. त्याची स्वतःची मेमरी चिमूटभर, म्हणून निशाने वाढीव मेमरीचं कार्ड बसवलं होतं. त्या कार्डात मी. पेन्सिल सेल संपले, की नवे घालेपर्यंत कार्डातलं सगळं मी एकट्याने धरून ठेवायचं. पेन्सिल सेल आणि मी, दोघांनाही एकदम काढलं, की कार्ड कोरं. माझं कौतुक? अहो, निशा सोडली, तर मी आहे हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

निशा पुण्याला लागून असलेल्या वारज्याच्या सर्जेरावांची लेक, कॉलेजात शिकणारी. वारज्यातली वावरं तेव्हा धडाधड विकली जात होती. प्रत्येक वावराला नाव होतं, आणि ती सगळी नावं एकट्या दत्तोबांना माहीत होती. जन्मभर गावची गुरं वळली होती त्यांनी. निशा बांधाबांधाने त्यांच्यामागे फिरली आणि एकेक नाव टाइप करत गेली. गणपतीत दत्तोबा वारले. आता ती नावं फक्त माझ्यापाशी होती. निशा छापून घ्यायला कॉलेजात गेली, तर तिथल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, दसऱ्यानंतर या.

खंडेनवमी आली. सर्जेरावांनी नांगर, विळे, कोयते धुऊन मांडले. लेकीच्या कॉम्प्युटरला ते आजवर खेळणं म्हणत. त्या दिवशी मात्र त्यांच्या मनात आलं, हेही पोरीचं अवजारच की! निशा झेंडू आणायला गेली होती. टॉर्च पुसताना काढतात तसे त्यांनी पेन्सिल सेल काढले. म्हटलं, काळजी नाही, मी आहे. मग कार्ड बाहेर आलं. अहो, थांबा! पण मला तोंड कुठे? नखाने झाकण सरकवून त्यांनी मला उचललं, धोतराने मायेने पुसलं, पूजेच्या ताटात ठेवून कुंकू लावलं. मी पार हादरलो. दत्तोबांचं सगळं बोलणं क्षणात नाहीसं झालं होतं, आणि ते पुसणारा माणूस माझ्यासमोर हात जोडून उभा होता.

निशा आली. पूजा पाहून आधी हसली. मग ताटातला मी तिला दिसलो. तिने घाईघाईने सगळं परत बसवून कॉम्प्युटर सुरू केला. कार्डात एकही नाव नव्हतं.

“म्या तर पूजा केली गं त्याची,” सर्जेराव म्हणाले.

ती ओरडली नाही. आठवतील तेवढी तरी सांगा, म्हणाली. त्यांनी स्वतः नांगरलेल्या चार-दोन वावरांची नावं सांगितली.

“आबा, आपलं घर ज्या वावरात हाय, त्याचं नाव काय?”

सर्जेरावांनी उंबऱ्याकडे पाहिलं.

“दत्तोबाला ठावं व्हतं,” ते म्हणाले.

मित्रांनो, माझ्यासारख्या एका चपट्या जिवावर एवढं ओझं टाकू नका. जे पुन्हा सांगायला कुणी उरणार नाही, ते दोन ठिकाणी उतरवून ठेवा. आणि कुणी ‘दसऱ्यानंतर या’ म्हणालं, तर थांबू नका, त्याच दिवशी दुसरीकडे जा.

सर्जेरावांचं घरही पुढे विकलं गेलं. तिथे आता सोसायटी आहे. तिच्या फाटकावर इंग्रजी नाव आहे, आणि आता त्या वावराला सगळे त्याच नावाने ओळखतात.