नऊ भोकांचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना गळपट्टा आहे. कुत्र्याचा. लगेच नाक मुरडू नका, माझं चामडं चांगल्या घरातलं आहे. एका वकिलाच्या बॅगेला नवा बंद शिवताना जो लांबट तुकडा उरला, त्यातून मालकांनी मला कापलं. मालक म्हणजे बॅगा, पट्टे आणि पाकिटं शिवणारे कारागीर. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. दुकानात शिलाईचं मशीन, डिंकाचा डबा, हातोडी आणि चामड्याला भोकं पाडायचा पंच. त्या पंचाचा त्यांना फार अभिमान होता. आपण पाडलेलं भोक वर्षानुवर्षं फाटत नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि ते खोटं नव्हतं.

मला पाच भोकं पाडून त्यांनी काड्याच्या गळ्यात बांधलं. हा काड्या एक दिवस दुकानाच्या पायरीवर येऊन बसला आणि जावई होऊन राहिला. अंगात नुसती हाडं होती, म्हणून मालकीणबाईंनी त्याला काड्या म्हटलं. पुढे तो जरा भरला, तरी सहा वर्षं माझ्या तिसऱ्या भोकाच्या पुढे काही गेला नाही. बाईंना त्याचं फार वाईट वाटे. मूलबाळ नसलेल्या घरात सगळी माया त्याच्या ताटलीत पडायची, पण अंगी लागायची नाही.

म्हणून मी जेव्हा घट्ट व्हायला लागलो, तेव्हा घरात आनंद झाला. मालकांनी मला चौथ्या भोकावर घेतलं. दहा दिवसांनी पाचव्यावर. मग मालकांनी पंच उचलला, हातोडीचा एक ठोका दिला आणि सहावं भोक पाडलं.

"बघितलंस? आता काड्या कसला, ओंडका झालाय ओंडका," मालक म्हणाले.

"नजर लावू नका हो माझ्या पोराला," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, मला खरं काय ते कळत होतं. चरबी चढली की ती सगळीकडून मऊ मऊ दाबते. हे तसं नव्हतं. जबड्याखाली दोन्ही बाजूंना दोन गोळे होते, आधी बोराएवढे, मग लिंबाएवढे, घट्ट आणि सरकणारे. गळा फुगत होता आणि बरगड्या वर येत होत्या. पण काड्याचे केस दाट, त्यामुळे बरगड्या कुणाला दिसल्या नाहीत. तो विव्हळला असता तर बरं झालं असतं. त्या गाठी दुखतच नव्हत्या. सातवं भोक पडलं, आठवं पडलं, नववंही पडलं. दुसऱ्या कुणाच्या घरी पट्टा आखूड पडला असता, तर नवा आणायला जाताना चार माणसांत विषय निघाला असता. इथे पंच हाताशी होता. आणि खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी सैल झाल्यावर मलाही हायसंच वाटायचं.

नवव्या भोकानंतर काड्याने खाणं सोडलं, तेव्हा त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या डॉक्टरताई वयाने लहान होत्या, पण हात सावकाश चालायचे. त्यांनी माझ्याखाली बोटं घातली. मग खांद्यांपुढे चाचपलं, मागच्या पायांच्या गुडघ्यांमागे चाचपलं. सगळीकडे गाठी होत्या. सुईने एका गाठीतलं थोडं काढून त्यांनी काचेवर पसरलं.

"ह्या लसिकाग्रंथी. शरीराची राखण करणाऱ्या," दोन दिवसांनी त्यांनी सांगितलं. "त्यांचाच कॅन्सर झालाय. लिंफोमा म्हणतात. औषधाने काही महिने मिळतील. बरा होईल असं मी खोटं सांगणार नाही." मग त्यांनी मला हातात घेतलं. "ही भोकं कधी कधी पाडलीत?"

मालकांनी एकेक भोकावर बोट ठेवून तारखा सांगितल्या. डॉक्टरताई लिहून घेत होत्या. नवव्या भोकावर मालकांचं बोट तसंच राहिलं. गिऱ्हाइकाच्या पिशवीचा एक टाका उसवलेला ज्यांना लांबून दिसे, त्यांना आपल्या हाताखालची गाठ कळली नव्हती.

इंजेक्शनं सुरू झाली आणि पंधरा दिवसांत गाठी विरघळल्या. मी परत तिसऱ्या भोकावर आलो. मालकांनी अख्ख्या गल्लीला ते दाखवलं.

याच दिवसांतली एक गोष्ट मालकांना माहीत नव्हती. संध्याकाळी बाई बैठ्या स्टुलावर बसून बॅगांची अस्तरं शिवत, आणि काड्या मान त्यांच्या खांद्यावर टाकून पडे. मी त्यांच्या गळ्याला टेकायचो. डाव्या कानाखाली मला काहीतरी लागायचं. घट्ट, सरकणारं. दोन महिने मी काड्याच्या गळ्यात तेच सोसलं होतं, ते मला ओळखू येणार नाही होय? बाईंनाही ते माहीत होतं. त्या तिथे बोट नेत आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेत. पुढे त्या गळ्याभोवती रुमाल बांधायला लागल्या.

"तुझं निस्तरू दे आधी, मग माझं बघू," त्या काड्याला म्हणाल्या. "दुखत तर नाही."

मला तोंड असतं तर मी तेव्हा ओरडलो असतो. काड्याने नुसती शेपटी हलवली.

आठ महिन्यांनी गाठी परत आल्या, आणि यावेळी औषधाला दाद देईनात. नववं भोकही जेव्हा अपुरं पडलं, तेव्हा मालकांनी पंचाला हात लावला नाही. त्यांनी बक्कल सोडलं आणि मला काढून खिशात ठेवलं. शेवटच्या दिवशी डॉक्टरताईंच्या टेबलावर काड्या बाईंच्या हातावर डोकं ठेवून गेला. मालक बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. जाताना त्यांनी मला टेबलावर ठेवलं होतं, म्हणून पुढचं बोलणं मी ऐकलं.

"ताई, अशी गाठ माणसालाही येते का?"

"येते, काकू. का विचारता?"

बाईंनी रुमाल सोडला. डॉक्टरताईंनी दोन बोटं लावून बघितली.

"मी जनावरांची डॉक्टर आहे. ही साधी गाठही असेल, दात किडला तरी येते. पण उद्याच्या उद्या दवाखान्यात जायचं. किती दिवस झाले?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "याचं सातवं भोक पाडलं ना, तेव्हापासून."

डॉक्टरताईंना ती तारीख पाठ होती. दहा महिने झाले होते. त्या खुर्चीत बसल्या.

"त्याच्यापासून लागली का हो मला?" बाईंनी विचारलं.

"नाही. हा लागणारा रोग नाही. बिचाऱ्याला दोष देऊ नका."

"दोष कशाला देऊ? त्याचा तरी कुणीतरी गळा बघितला."

मोठ्या दवाखान्यात बाईंची गाठ काढून तपासली. काड्याच्या रोगाचंच भावंड निघालं. मी आता दुकानात मशीनवरच्या खिळ्याला टांगलेला असतो. दर तीन आठवड्यांनी बाईंना सलाईन लावायला नेतात. केस गेले आहेत. अस्तर शिवताना सुई हातातून पडते आणि मालक ती उचलून देतात.

परवा बाईंनी मालकांचा हात धरून आपल्या गळ्याला लावला. "बघा, आहे का अजून?"

मालकांनी नीट चाचपलं, चामड्यातला दोष शोधावा तसं. "आहे. पण लहान झाल्यासारखी वाटते."

"काड्याचीही झाली होती," बाई म्हणाल्या.

दारात गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मालकांनी ये म्हटलं नाही. ते तसेच, बोटं बाईंच्या गळ्यावर ठेवून बसून राहिले.

मित्रांनो, माझी विनवणी एवढीच आहे. आज घरी जा आणि तुमच्या मुक्या जनावराच्या जबड्याखाली हात फिरवा. मग आईच्या गळ्याला हात लावा. ती म्हणेल, काही दुखत नाही रे. तरीही लावा.