अदलाबदलीचा शेवटचा दिवस

"कर्टिसला आत्ताच बाहेर काढ," खेळाडू बसतात त्या डगआउटमागच्या बोळात नील म्हणाला. तो हेरन्स या बेसबॉल संघाचा व्यवस्थापक होता आणि या पूर्ण मोसमात तो इतका खाली पहिल्यांदाच आला होता.

"कुठल्या संघाने घेतलं त्याला?" प्रशिक्षक वेंडेलने विचारलं.

"कुणीच नाही. सगळीकडे विचारून झालं. त्याला संघातून सोडतोय आपण. पहिल्या बेसवर यापुढे नवी पोरं खेळतील. हरायचंच आहे, तर पुढच्या वर्षासाठी हरू."

"सामना तरी संपू दे."

"आणि धावताना त्याचा पाय मुरगळला तर? जखमी माणसाला सोडता येत नाही, वेंडेल."

कर्टिस अकरा वर्षं याच संघात होता. ऑक्टोबरात, अंतिम फेऱ्यांत, फक्त जिंकणारे संघ खेळतात. त्याने एकही ऑक्टोबर पाहिला नव्हता. गुडघे आणखी एखादा मोसम टिकतील, हे त्यालाही ठाऊक होतं.

वेंडेल परतला तेव्हा सहावा डाव संपला होता आणि कर्टिस ग्लोव्ह चढवत होता. त्याला बोळात बोलवायला हवं होतं. पण वेंडेलने सवयीने त्याच्या छातीवर हात ठेवला. "तू बस आता."

अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी धडधाकट खेळाडूला मध्येच बसवलं, की त्याचा अर्थ एकच असतो: दुसऱ्या संघाने त्याला घेतलं.

"म्हातारा सुटला!" बाकावरून रॅफ ओरडला आणि त्याने कर्टिसला मिठीच मारली. मग सगळेच आले.

"ऑक्टोबरात टीव्हीवर दिसणार लेका तू!"

"आम्हाला विसरू नकोस हं, गद्दारा!"

"तुम्हाला? विसरायचा प्रयत्न तर रोजच करतोय," कर्टिस म्हणाला. तो हसत होता, आणि त्याचे डोळे भरले होते. तसाच तो वेंडेलपाशी आला. "कोच, कोणता संघ?"

"जरा आत चल."

"इथंच सांगा की."

वेंडेलने त्याला जवळ ओढलं. बघणाऱ्यांना ती आणखी एक मिठी वाटली.

"कुणी नाही रे," तो त्याच्या कानाशी म्हणाला. "तुला सोडताहेत."

कर्टिस हलला नाही. वेंडेलच्या पाठीवरचा त्याचा हात तेवढा जड झाला.

"मी सांगतो त्यांना," वेंडेल म्हणाला.

"आत्ता नको. तीन डाव खेळायचेत अजून पोरांना."

मैदानातून पंच हाका मारत होता. फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा मार्कोस पायाला संरक्षक पट्ट्या बांधून निघाला होता, तो हात पसरत वळला.

"जिंकलास की विजेत्यांची अंगठी दाखवायला यायचं. नाही आलास तर घरी येऊन चोरेन."

"येईन," कर्टिस म्हणाला. त्याने मार्कोसला घट्ट धरलं, पाठीवर दोनदा थोपटलं आणि मैदानाकडे ढकललं. "पळ. पंच चिडलाय."