वाढत्या अंगाचं माप

पितळेचं टोक भिंतीवर ठरत नव्हतं. टेप कापडी, रोजच्या वापराने मऊ पडलेली, आणि भिंत काही गिऱ्हाईक नव्हे की 'जरा ताठ उभ्या राहा' म्हटलं की राहील... तिने टोक अंगठ्याने दाबून धरलं. साठ इंचांवर टेप संपली. तिथे शिवणाच्या खडूने रेघ, रेघेपासून पुन्हा पुढे.

"भिंतीला गळा कुठला घेणार? गोल की पानाचा?" नवरा उंबऱ्यातून म्हणाला.

आत आला नाही. मुलगी गेली त्या हिवाळ्यापासून तो तिच्या या खोलीत पाऊल टाकत नव्हता, थट्टा तेवढी आत पाठवायचा.

"दार-खिडकी वजा कर," मग हळूच, "आणि रंग पांढराच घे. आईला डोळ्यांना बरा."

सासूबाई राहायला यायच्या होत्या. कुणीतरी सोबत हवंच होतं त्यांना, आणि 'हो' तिनेच म्हटलं होतं. म्हणताना वाटलं होतं, भिंतीच तर आहेत... कपाट सरकवलं तर मागे निळा. पोरीने निवडलेला, ऊन न लागल्यामुळे अजून काल दिल्यासारखा. कपाटामागेही द्यायचा म्हणून हटून बसली होती, कोण बघणार म्हटलं तर म्हणाली, भिंतीला कळतं ना.

ती भराभर मापं लिहीत गेली. लांबी, रुंदी, उंची. हात सवयीने चालत होता, डोकं त्या निळ्यात.

दुकानदाराने कागद लांब धरून वाचला.

"त्या घरांच्या ओळीतल्याच ना तुम्ही, ताई? तिथली उंची नऊ फूट. तुम्ही नऊ फूट चार इंच लिहिलंय. लांबीलाही चार, रुंदीलाही चार."

"नऊच आहे. वरचे वाढीचे."

"कशाच्या?"

"वाढीचे... जादा धरलेत."

"ताई, भिंत वाढत नाही."

शेजारचा ब्रश निवडणारा माणूस हसला. तीही हसली. खरंच हसू आलं — किती दिवसांनी — आणि ते ओठांवर असतानाच आतून काहीतरी घसरलं.

फ्रॉकच्या घेराखाली ती नेहमी चार इंच कापड दुमडायची. वाढत्या अंगाचं माप असंच घ्यायचं. उसवून खाली सोडलं की पुढचं वर्ष निभतं. शेवटच्या फ्रॉकचं उसवलंच नाही. पण मनातल्या मनात — हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं — ती उसवतच राहिली होती. गणवेशाला आलेल्या मुलींच्या खांद्यांना टेप लावताना ठरवायची: आता आमचीही एवढी. आता बाही लांब लागेल. आता कंबर दिसायला लागली असेल, आता माझ्याशी भांडत असेल, हे असलं घालणार नाही म्हणून... पाच वर्षं रोज थोडी थोडी वाढवली मी तिला. कुणाला न विचारता. कुणी अडवलंही नाही.

"पाच लिटरमध्ये दोन हात होतील," दुकानदार म्हणत होता. "पांढराच ना? खालचा निळा असेल तर तिसरा हात लागेल. नाहीतर डोकावतो तो."

तिला ऐकू आलं. उत्तर द्यायचं आहे हेही कळलं. पण ती आत घाईने शोधत होती — कालपर्यंतची ती उंच, फटकळ मुलगी, जिच्या दंडाचं मापसुद्धा तिला पाठ होतं. चेहरा आठवेना. आवाज तर तिने कधी रचलाच नव्हता, हे आत्ता लक्षात आलं.

आणि तिच्या जागी गेली तेव्हाची पोर उभी. हनुवटी काउंटरला जेमतेम लागेल एवढी. पुढचा दात अर्धा आलेला. तिने मनातल्या मनात तिला बोटभर उंच करून पाहिलं, रोज करायची तसं... मग अर्धं बोट.

"ताई? किती देऊ?"

पोर तेवढीच राहिली.