पॅनलपुढची खुर्ची

खात्याचा मुकादम असलेल्या मल्लप्पा जॉबरच्या पोटात दुखत होतं ते एवढ्यासाठी, की पॅनलपुढची खुर्ची बंदेनवाज वायरमनला मिळाली आणि आपल्या पोराला, गुरप्पाला मिळाली नाही. १९७९ साली सोलापूरच्या त्या मिलमध्ये सुताला खळ द्यायचं नवं मशीन आलं होतं. गुरप्पा बापाच्या हाताखाली त्या मशीनच्या रुळांवर राबायचा, उकळत्या खळीच्या वाफेत. आणि हा कालचा वायरमन खुर्चीत बसून बटणं दाबणार! मल्लप्पाला घास गोड लागेना.

"त्येचं नाक कापल्याबिगर ऱ्हात न्हाय," तो बायकोला, मायाक्काला म्हणाला. माणूस खुनशी, बोलला म्हणजे करणारच.

चाचणीच्या दिवशी बंदेनवाजनं सगळ्यांना जमवून समजावलं. पॅनलमधला कंट्रोलर हुकूम सोडतो: चल, हळू, थांब. ते एका वायरीतून, तारऑफिसातल्या तारेसारखे एकामागून एक, मोटरच्या ड्राइव्हकडे जातात आणि ड्राइव्ह मोटर फिरवतो.

"पर वायर निसटली तर मोटर थांबत न्हाय," त्यानं बजावलं. "शेवटचा हुकूम धरून बसती. त्येचा इलाज अजून बसवायचा हाय. तवर वायरीला कुनी हात लावू नका."

मल्लप्पा दाराशी तंबाखू मळत होता. ह्या नुकतं मिसरूड फुटलेल्याकडून काय ऐकायचं? वायर काढली की मोटर गप, हे त्यानं जन्मभर बघितलं होतं.

मॅनेजर साहेब आले, मशीन सुरू झालं. थोड्या वेळानं रुळाला तुटकं सूत गुंडाळलं गेलं. अशा वेळी खात्याची जुनी रीत होती. मशीन रांगत्या चालीवर आणायचं, एकानं रुळावर हात घालून सूत कापायचं आणि जॉबरनं थांबायच्या बटणावर बोट ठेवून उभं राहायचं. बंदेनवाजनं चाल रांगती केली, बटण मल्लप्पावर सोपवलं आणि तो साहेबांना ड्राइव्ह दाखवायला गेला.

हीच वेळ! मल्लप्पानं पॅनलमागं हात घालून वायर उपसली. आता मशीन बंद पडणार आणि बंदेनवाज साहेबांपुढं तोंडावर आपटणार. पण रूळ आपले फिरतच राहिले.

"हात्तिच्या! वायर नुस्ती शोभेची की!" तो हसला, वायर तशीच लोंबत सोडली आणि बोट परत बटणावर ठेवलं.

तिकडं गुरप्पानं बापाचं बोट बटणावर बघितलं आणि निर्धास्त हात घातला. बाही सुतात अडकली. तो ओरडला. मल्लप्पानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग मुठीनं ठोकलं. हुकूम जायला वायरच नव्हती! बंदेनवाजनं धावत जाऊन भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला, तोवर उजवा हात कोपरापर्यंत गेला होता.

आणि बापानं आधी काय केलं? वायर परत खोचली. मगच लेकराकडं धावला.

"ह्या बंदेनवाजनं मारलं माझ्या पोराला!" त्यानं टाहो फोडला. जॉबरचा शब्द, साहेबांनी उलट काही विचारलंच नाही. संध्याकाळच्या आत बंदेनवाज फाटकाबाहेर होता.

गुरप्पा बरा होऊन आला तेव्हा साहेबांना दया आली. एका हातानं बटणं दाबता येतात, म्हणाले, बसू द्या त्याला पॅनलवर. मल्लप्पाला, खोटं कशाला बोला, आनंदच झाला. मायाक्का त्या दिवशी जेवली नाही.

पण त्या रुळांवर हात घालायला खात्यात एकही माणूस तयार होईना. साहेब वैतागले. "जॉबर, मग तुम्हीच घाला. पोरगा आहे ना बटणावर?"

पहिल्याच पाळीत सूत गुंडाळलं गेलं. मशीन रांगायला लागलं. मल्लप्पानं रुळाजवळून पॅनलकडं बघितलं. रुळात अडकून ओरडत असताना गुरप्पानं बापाला वायर खोचताना बघितलं होतं. तो कुणाला बोलला नव्हता, आईलासुद्धा नाही.

"गुरप्पा, बटणावर ध्यान हाय न्हवं?" मल्लप्पानं विचारलं.

गुरप्पाचा डावा हात मांडीवर होता.

"घाला की हात, अप्पा," तो म्हणाला.

साहेब बघत होते. मल्लप्पानं हात घातला.