माणसांच्या दातांचा राक्षस

भराभर सांगतो, कारण वेळ थोडा आहे. मी गुरगुऱ्या, रबरी राक्षस, खोक्यातून बोलतोय. सकाळपासून मला तीनदा इकडून तिकडे हलवलं. एका खोक्यावर लिहिलंय 'ठेवायचं', दुसऱ्यावर 'द्यायचं'. या घडीला मी 'द्यायचं'मध्ये आहे आणि अकराला टेम्पो येणार आहे. जिवाला नुसता घोर लागलाय.

माझा जन्म कारखान्यातला. तीन डोळे, पाठीवर काटे, हिरवं पोट, सगळं झकास. फक्त साच्यात काहीतरी बिघडलं आणि तोंडात एकही दात आला नाही. बोळक्या तोंडाच्या राक्षसाला कोण विचारतो? दुकानात धूळ खात पडलो होतो. शेवटी बारकीने हट्ट धरला म्हणून तिच्या बाबांनी मला घरी आणलं.

बाबा कवळ्या बनवायचे. मागच्या खोलीत त्यांचं टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे मांडलेले. "बाबा, ह्याला भयंकर दात करा," बारकी म्हणाली. बाबा दोन दिवस खपले. कवळी माझ्या तोंडात बसली आणि बारकीने भोकाडच पसरलं.

"हा तर हसतोय! शेजारच्या काकांसारखा!"

बाबांनी मला उजेडात धरून उलटसुलट पाहिलं, डोकं खाजवलं. "काय करू गं? हाताला माणसांचीच सवय."

तिचा थोरला भाऊ, दादा, हसून हसून गडबडा लोळला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. राक्षस असून कुणी घाबरेना! पण बारकी रडं आवरून मला कुशीत घेऊन बसली. त्या दिवसापासून परीक्षेची धाकधूक, मैत्रिणींची भांडणं, बाबांचं दुखणं, सगळं ती माझ्या कानात ओतायची. माणसं अशीच. घरच्यांना सांगणार नाहीत ते रबराला सांगतात.

पुढे ती नोकरीला लागली आणि मी माळ्यावर गेलो. कित्येक वर्षं कुणी वर डोकावलंसुद्धा नाही. राग आला होता मला, खोटं कशाला बोलू?

दोन महिन्यांपूर्वी बाबा गेले. आज दोघं भावंडं घर रिकामं करताहेत. बारकी आता दुसऱ्या गावी, एका खोलीत, एकटी राहायला जाणार आहे.

"खोली केवढी, तू नेणार काय काय?" दादा आत्ताच म्हणाला. "दे तो राक्षस देऊन."

"बरं," ती म्हणाली.

अरे देवा! चिकटपट्टी लागली. खाली हॉर्न वाजतोय. खोकं उचललं, मी डोक्यावर आपटलो. जिना उतरतोय आम्ही. ओरडावं तर रबराला आवाज कुठला?

"थांबा! थांबा हो जरा!"

चिकटपट्टी टरकन फाटली. बारकीने मला बाहेर ओढलं आणि भर रस्त्यात छातीशी धरलं. टेम्पोवाला बघतच राहिला.

"बारके, पन्नाशी आली तुझी," दादा म्हणाला.

"मग? पन्नाशीत भीती वाटत नाही?"

टेम्पो भरून निघून गेला तरी दादा तिथेच उभा. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "अधूनमधून चार दिवस माझ्याकडे पाठवशील का ह्याला?"

आता मी तिच्या पिशवीत आहे, सुखरूप. पण चैन म्हणाल तर नाही. दोघांना मी एकटा कसा पुरणार?